सबोनिसचा हंगाम आणि दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा २०२२-२३चा हंगाम संपल्यावर ‘विन शेअर्स’च्या (संघाच्या विजयांतला खेळाडूचा वाटा) यादीत पहिलं नाव होतं डेन्व्हरच्या निकोला योकिचचं, १४.९. त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. दुसऱ्या नावाशी मात्र नजर अडखळत होती: सॅक्रामेंटो किंग्जचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) डोमांतास सबोनिस, १२.६. त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे मतदानाने निवडलेला सर्वोत्तम खेळाडू, जोएल एम्बीड त्याच्याही खाली, १२.३वर. आणि त्याच एमव्हीपीच्या मतदानात सबोनिस आला सातवा. ऑल-एनबीए निवडीत (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंचे तीन संघ) सेंटरच्या तीन जागा होत्या. पहिली एम्बीडला, दुसरी योकिचला, तिसरी सबोनिसला.

म्हणजे एकाच खेळाडूचा एकच हंगाम. एका हिशेबात तो सगळ्या लीगमध्ये दुसरा, मतदारांच्या लेखी सातवा, सेंटर म्हणून तिसरा. यातलं खरं काय, हे नीट तपासायचं म्हणून हे प्रकरण घेतलं.

हे प्रकरण मुंबईत बसून तपासण्याला एक कारण आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिला इंडियानाने जादा वेळेत १३२-१३१ असा एका गुणाने काढला. सबोनिस तेव्हा इंडियानाच्या संघात होता. किंग्जकडे तो नंतर गेला. किंग्जच्या मालकगटाचे प्रमुख विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा. त्यामुळे आमच्या कोर्टावरच्या पोरापोरींना हा संघ परका वाटत नाही. पण हे सामने बघायचे कधी? सॅक्रामेंटोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला पडतो. त्या वेळी अर्धी मुंबई लोकलमध्ये असते आणि उरलेली अर्धी वर्गात. सामना बघितला जात नाही, स्कोअर बघितला जातो. दुपारी डब्याच्या वेळी कुणीतरी म्हणतं, ‘सबोनिस वीस, चौदा, आठ’, म्हणजे गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल) आणि असिस्ट (ज्यावरून सहकाऱ्याने लगेच गुण केले तो पास), आणि सगळ्यांचं मत तिथेच ठरतं. खेळाडूंची आपली ओळखच जर आकड्यांतून होणार असेल, तर ते आकडे नीट वाचता यायला हवेत. रविवारी सरावानंतर आम्ही कागद-पेन घेऊन बसतो ते याचसाठी.

खेळाडू आणि संघ

किंग्ज २००६नंतर प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) पोचलेच नव्हते. सलग सोळा हंगाम बाहेर, एनबीएच्या इतिहासातला सर्वात लांब दुष्काळ. फेब्रुवारी २०२२मध्ये त्यांनी टायरीस हॅलिबर्टन हा तरुण, चाहत्यांचा लाडका गार्ड (बाहेरून बॉल खेळवणारा खेळाडू) इंडियानाला दिला, सोबत बडी हील्डही, आणि मुख्यतः सबोनिसला आणलं. तेव्हा सॅक्रामेंटोत लोक चांगलेच भडकले होते. पुढच्या हंगामात माइक ब्राउन प्रशिक्षक म्हणून आले, केविन ह्युर्टर अटलांटाहून आला, कीगन मरे हा नवखा फॉरवर्ड ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) आला. ४८ विजय, ३४ पराभव, वेस्टमध्ये (लीगच्या पश्चिम गटात) तिसरा क्रमांक. दुष्काळ संपला.

सबोनिसचे साधे आकडे असे: ७९ सामने, सामन्यामागे ३४.६ मिनिटं, १९.१ गुण, १२.३ रिबाउंड, ७.३ असिस्ट, नेमबाजी ६१.५ टक्के. रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला. सेंटरला सात असिस्ट म्हणजे काय, हे कुणाही प्रशिक्षकाला विचारा. योकिच सोडला तर त्या वर्षी एवढे असिस्ट देणारा दुसरा सेंटर नव्हता.

पहिली चाचणी: गुण किती खर्चात आले

१९.१ गुण बरे आहेत, थक्क करणारे नाहीत. पण गुण किती आले एवढ्यावर भागत नाही. ते मिळवायला संघाच्या किती संधी खर्ची पडल्या, तेही विचारायला हवं. ‘ट्रू शूटिंग’ हा आकडा त्याचंच उत्तर देतो. हिशेब सोपा आहे आणि प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावा असं माझं मत आहे. बास्केटवर मारलेले शॉट घ्या, त्यात फ्री थ्रोंच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या, एका गुणाच्या मोकळ्या शॉटच्या) ०.४४ पट मिळवा, आलेल्या बेरजेची दुप्पट करा आणि एकूण गुणांना त्याने भागा. ०.४४ अशासाठी की फ्री थ्रो नेहमी जोडीने येत नाहीत. कधी बास्केट झाल्यावर एकच जादा मिळतो, कधी टेक्निकल फाउलचा (गैरवर्तनाच्या दंडाचा) एक असतो, कधी तिनांचा संच असतो. त्यामुळे दोन फ्री थ्रो म्हणजे बरोबर एक संधी, असा सरळ हिशेब लागू पडत नाही.

सबोनिसचे सामन्यामागे सुमारे १२ शॉट आणि ५.२ फ्री थ्रो. ५.२ला ०.४४ने गुणलं की २.३ येतात. १२ अधिक २.३ म्हणजे १४.३, दुप्पट २८.६. १९.१ भागिले २८.६ म्हणजे ०.६६८, टक्क्यांत ६६.८. त्या हंगामात लीगची सरासरी ५८.१ होती.

इथेच थांबू नका. फरक ८.७ टक्क्यांचा. २८.६ला ०.०८७ने गुणलं तर जवळजवळ अडीच येतात. त्याच संधी लीगमधल्या सरासरी खेळाडूच्या हाती दिल्या असत्या, तर किंग्जना दर सामन्याला अडीच गुण कमी पडले असते. आणि किंग्जचा पूर्ण हंगामातला सरासरी फरक किती होता? ते सामन्यामागे १२०.७ गुण करत, जे लीगमध्ये सर्वाधिक होते, आणि ११८.१ देत. फरक २.६. सबोनिसच्या काटकसरीचे अडीच गुण त्या फरकाशेजारी ठेवून बघा. संघाचा सगळा नफा एकट्याने आणला असं यातून सिद्ध होत नाही, कारण असे हिशेब इतर खेळाडूंचेही मांडता येतील. पण १९ गुण हा आकडा वाटतो त्यापेक्षा किती भारी होता, ते इथे दिसतं.

याला एक मर्यादा आहे, आणि ती पुढे प्लेऑफमध्ये आडवी आली. संघाच्या संधींपैकी किती एखाद्या खेळाडूच्या हातात संपतात, त्याला ‘युसेज’ म्हणतात. सबोनिसचा युसेज २१ टक्क्यांच्या आसपास येतो. पाच खेळाडूंत समान वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० येतात, म्हणजे हा जेमतेम त्याच्या वर. एम्बीडचा ३७ टक्क्यांच्या घरात होता. चांगला शॉट मिळेल तेव्हाच मारणाऱ्याची टक्केवारी चांगली राहते. घड्याळात चार सेकंद उरलेत, दोघे अंगावर आलेत, तरी मारावंच लागतं, असे शॉट ज्याच्या वाट्याला येतात त्याची टक्केवारी घसरते. सबोनिसच्या वाट्याला ते फारसे येत नव्हते. ते डिॲरन फॉक्सच्या वाट्याला येत, आणि त्यासाठीच त्या वर्षी सुरू झालेला ‘क्लच प्लेअर ऑफ द इयर’ (अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांतला सर्वोत्तम खेळाडू) हा पुरस्कार पहिल्यांदा फॉक्सला मिळाला.

जे कागदावर येतं आणि जे येत नाही

सबोनिसचा खरा खेळ समजायचा तर किंग्जचं एक पझेशन (बॉल ताब्यात असतानाची एक चाल) सावकाश बघावं लागतं. आम्ही असे बरेच तुकडे थांबवत-थांबवत बघितले.

सबोनिस फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्याजवळ उभा आहे, बास्केटकडे पाठ, बॉल दोन्ही हातांत पोटाशी. ह्युर्टर खालच्या कोपऱ्यातून धावत त्याच्याकडे येतो. त्याचा बचावपटू त्याला चिकटलेला. ह्युर्टर सबोनिसच्या अंगाला घासूनच वळतो, बॉल हातातून हातात जातो (हाच ‘हँडऑफ’), आणि त्याच क्षणी सबोनिस डावा पाय अर्धं पाऊल बाजूला टाकतो. बचावपटू त्या खांद्यावर आपटतो. आता दोन गोष्टी होऊ शकतात. सबोनिसचा बचावपटू पुढे आला नाही तर ह्युर्टर मोकळा, तीन गुणांचा शॉट. तो पुढे आला तर सबोनिस गिरकी घेऊन बास्केटकडे सुटतो आणि बॉल परत त्याच्याकडे येतो. तिसरी गोष्ट त्याहून छान: बचावपटूला हँडऑफचा वास आधीच लागला, तो आडवा आला, तर ह्युर्टर मध्येच दिशा बदलून थेट बास्केटखाली पळतो आणि सबोनिस बॉल जमिनीवर आपटून त्याच्या पुढ्यात टाकतो.

स्कोअरशीटवर यातलं काय उमटतं? पहिल्या वेळी सबोनिसला एक असिस्ट. दुसऱ्या वेळी दोन गुण. तिसऱ्या वेळी पुन्हा असिस्ट. पण ह्युर्टरने बॉल घेऊन शॉट न मारता कोपऱ्यातल्या मरेला दिला आणि मरेने तीन गुण केले, तर असिस्ट ह्युर्टरचा, गुण मरेचे, आणि सबोनिसच्या नावावर शून्य. तो खांदा, ते अर्धं पाऊल कुठेच लिहिलं जात नाही.

म्हणून दुसरी चाचणी त्याच्या स्वतःच्या आकड्यांची नाही, शेजाऱ्यांच्या आकड्यांची. ह्युर्टर अटलांटात शेवटच्या हंगामात १२.१ गुण करत होता, तीन गुणांच्या रेषेवरून ३८.९ टक्के. सॅक्रामेंटोत १५.२ आणि ४०.२ टक्के. मरेने नवख्या खेळाडूचा तीन गुणांच्या शॉट्सचा विक्रम मोडला. २०६ मारले, त्याआधीचा विक्रम डोनोव्हन मिचेलचा १८७ होता. या दोघांचं श्रेय सबोनिसला द्यायचं का? सगळं नाही. फॉक्सच्या वेगाला बचाव घाबरत होता आणि ब्राउन यांची योजना होती. पण या शॉट्सपैकी कितीतरी त्याच हँडऑफमधून जन्माला आले, आणि सबोनिस तेव्हा लीगमध्ये सर्वात जास्त हँडऑफ देणाऱ्यांत होता.

तो मैदानात असताना आणि नसताना संघाचा गुणफरक किती, हा आकडा इथे उपयोगी पडेल असं वाटतं. किंग्जच्या बाबतीत तो मी जपून वापरेन. फॉक्स, ह्युर्टर, हॅरिसन बार्न्स, मरे आणि सबोनिस हा पाच जणांचा संच त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक वापरल्या गेलेल्या संचांपैकी होता. पाचही जण बहुतेक वेळ एकत्रच आत-बाहेर करत असतील, तर नफा पाचांपैकी कोणामुळे झाला हे गणिताला वेगळं काढता येत नाही. कितीही प्रगत पद्धत लावा, जे एकत्र घडलं ते फोडायला पुरेसे वेगवेगळे प्रसंगच हाताशी नसतात.

मग दुसरा क्रमांक कुठून आला

यादी फळ्यावर लिहिली तेव्हा आमच्याकडे सेंटर खेळणाऱ्या एका मुलीने विचारलं, “ताई, मग सबोनिस एम्बीडपेक्षा भारी?” प्रश्न रास्त होता. आकडा तसंच म्हणत होता.

विन शेअर्स म्हणजे संघाच्या विजयांची खेळाडूंत केलेली वाटणी. कल्पना बिल जेम्स यांची, बेसबॉलमधून आलेली; बास्केटबॉलसाठी जस्टिन कुबाटको यांनी ती डीन ऑलिव्हर यांच्या रेटिंग्जवर उभी केली. संघातल्या सगळ्यांची बेरीज साधारण संघाच्या विजयांइतकी येते. किंग्जचे विजय ४८, त्यांपैकी १२.६ सबोनिसचे, म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त. पण ही बेरीज आहे, आणि बेरीज खेळलेल्या वेळेबरोबर वाढत जाते. म्हणून आम्ही ती ४८ मिनिटांवर, म्हणजे एका पूर्ण सामन्यावर आणली. सबोनिस ७९ सामने खेळला, एकूण सुमारे २,७३० मिनिटं. त्याचे ४८ मिनिटांमागे ०.२२. एम्बीड ६६ सामने, त्याचे ०.२६. योकिच ६९ सामने, त्याचे ०.३१. (लीगची सरासरी ०.१०.)

फळ्यावर क्रम फिरला. मिनिटामागे एम्बीड पुढे होता, सबोनिस तेरा सामने जास्त खेळून बेरजेत वर गेला.

इथे लगेच ‘मग दुसरा क्रमांक खोटा’ असं म्हणणारे असतात, आणि ते मला मान्य नाही. डिसेंबर २०२२मध्ये सबोनिसच्या उजव्या अंगठ्याचं हाड दुखावलं, शस्त्रक्रियेची चर्चा होती. तो डावखुरा असला तरी दोन्ही हातांनी बॉल झेलणाऱ्या, दोन्ही हातांनी रिबाउंड ओढणाऱ्या माणसाला अंगठा लागतोच. शस्त्रक्रिया टाळून, अंगठा बांधून तो उरलेला हंगाम खेळला. सोळा वर्षं वाट बघणाऱ्या संघाला रोज मैदानात उभा राहणारा सेंटर मिळणं ही काही हिशेबातली गडबड नव्हे. बेरीज ‘किती दिलं’ ते सांगते, दर ‘किती चांगला होता’ ते सांगतो. दोन्ही प्रश्न खरे आहेत, फक्त त्यांची उत्तरं एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

दर लावूनही एक शंका उरते. विन शेअर्सचं सूत्र नेटकेपणावर फार खूश असतं. बास्केटजवळून, कमी चुका करत, बेताच्या युसेजने खेळणाऱ्या उंच खेळाडूला ते उदारपणे मोजतं. म्हणून दुसऱ्या बाजूने तपासलं. जॉन हॉलिंजर यांचा पीईआर घेतला, म्हणजे खेळाडूच्या सगळ्या नोंदी मिनिटांच्या हिशेबाने एका आकड्यात आणणारी पद्धत, त्यात सरासरी १५ धरतात. सबोनिस २३च्या वर, योकिच आणि एम्बीड दोघेही ३१च्या वर. बॉक्स प्लस-मायनस घेतला, म्हणजे शंभर पझेशन्समागे सरासरी खेळाडूपेक्षा किती गुण जास्त, याचा बॉक्स स्कोअरवरून काढलेला अंदाज. योकिच १३, एम्बीड ९च्या वर, सबोनिस ६च्या जवळ. ६ हा उत्तम आकडा आहे, तो ऑल-एनबीए दर्जाच्या खेळाडूचा असतो. पण त्या वर्षी त्या पातळीवर आणि तिच्या वरही बरेच जण होते.

बचाव: जिथे रिबाउंड फसवतो

माझ्या मते या हंगामाचं मोल ठरवताना सर्वात जास्त गफलत इथे होते. बारा रिबाउंड बघितले की लोक गृहीत धरतात, पेंटमध्ये (बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात) भिंत असणार.

रिबाउंड हा बचावाचा शेवट आहे, बचाव नव्हे. समोरच्याचा शॉट चुकला, हे काम कुणीतरी आधी केलेलं असतं. कधी गार्डने हात उंचावून, कधी सेंटरने बास्केटखाली उभं राहून. त्यानंतर बॉल कुणी उचलला, तर त्याच्या नावावर रिबाउंड. तो उचलणं महत्त्वाचंच, नाहीतर समोरच्याला दुसरी संधी मिळते. आणि सबोनिस अंग लावून, जागा पकडून, दोघांच्या मधून बॉल ओढण्यात खरोखर वाकबगार. मैदानात असताना एकूण रिबाउंडपैकी जवळपास पाचातला एक त्याचा. पण बॉक्स स्कोअरवर आधारलेले बचावाचे बहुतेक आकडे बचावातल्या रिबाउंडला बचाव समजून गुण देतात, कारण त्यांच्या हाती दुसरं काही फारसं नसतं. जो शॉट सेंटरने नुसत्या उभं राहण्याने मारूच दिला नाही, तो कोणत्या रकान्यात लिहिणार?

सबोनिसचे ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट) सामन्यामागे अर्धा. त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू जॅरन जॅक्सन ज्युनियर सामन्यामागे तीन ब्लॉक करत होता, मिलवॉकीचा ब्रूक लोपेझ अडीच. ब्लॉक म्हणजेच बचाव असंही नाही, पण अर्धा आणि तीन यांतलं अंतर काहीतरी सांगतं. सबोनिसची हातांची पोच त्याच्या उंचीच्या मानाने कमी, उडी बेताची. समोरचा गार्ड वेगात आत आला की तो बहुतेकदा छाती पुढे करून जागेवर उभा राहतो, शॉट बदलायला लावण्याइतका वर पोचत नाही. किंग्ज सामन्यामागे ११८ गुण देत होते. पझेशनच्या हिशेबातही त्यांचा बचाव लीगच्या खालच्या तिसऱ्या भागात होता. सगळा दोष त्याचा नाही. बाहेरचे गार्डही बचावात कच्चे होते, आणि वेगाने खेळणाऱ्या संघाला गुण पडतातच. पण ज्या संघाचा सेंटर बास्केट राखू शकत नाही, त्या संघाला बाकी चौघांकडून ती भरपाई मागावी लागते, आणि किंग्जकडे ते चौघे नव्हते.

सात सामने

एप्रिल २०२३, पहिली फेरी, गोल्डन स्टेट वॉरियर्स. किंग्जनी पहिले दोन सामने जिंकले. दुसऱ्यात खाली पडलेल्या सबोनिसने ड्रेमंड ग्रीनचा पाय धरला, ग्रीनने त्याच्या छातीवर पाय दिला. ग्रीन बाहेर आणि पुढच्या सामन्यापुरता निलंबित. तिसऱ्या सामन्यात ग्रीन नव्हता, तरी किंग्ज ९७वरच अडकले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि तिथे स्टेफ करीने ५० गुण करून ती १२०-१०० अशी संपवली.

सबोनिसचे मालिकेतले आकडे: १६.४ गुण, ११ रिबाउंड, ४.७ असिस्ट. नेमबाजी ६१.५वरून ५० टक्क्यांच्या किंचित खाली.

वॉरियर्सनी काय केलं ते स्पष्ट दिसत होतं. केव्हन लूनी आणि ग्रीन सबोनिसच्या अंगावर आलेच नाहीत. बॉल घेऊन तो रेषेच्या कोपऱ्यावर उभा, आणि त्याचा बचावपटू सहा फूट मागे, पेंटमध्ये. जणू म्हणतोय, मार तिथून. मागे उभ्या असलेल्या लूनीमुळे बास्केटकडे धावणाऱ्यांची वाट बंद झाली, आणि हँडऑफ घेणाऱ्या गार्डच्या मागे त्याचा बचावपटू सुटा धावू शकला. यावर तोड एकच होती: पंधरा फुटांवरून न कचरता शॉट मारणं. सबोनिस कचरत होता. वर युसेजचं बोललो ते इथे लागू पडतं. हंगामभर चांगले तेवढेच शॉट निवडून जी टक्केवारी उभी राहिली होती, ती नको असलेले शॉट घ्यायची वेळ आल्यावर टिकली नाही. रिबाउंडमध्येही लूनी भारी पडला. मालिकेत तीन वेळा त्याने वीस किंवा अधिक घेतले.

असिस्ट का घटले, याचं उत्तर मात्र एकट्या सबोनिसकडे नाही. असिस्ट दोघांचा असतो. ह्युर्टरचे तीन गुणांचे शॉट त्या मालिकेत पार आटले. तोच पास, तोच खांदा, तेच अर्धं पाऊल, पण शॉट चुकला तर कागदावर काही नाही. शिवाय हे सातच सामने, एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, दुखऱ्या अंगठ्याने खेळलेले. सात सामन्यांवरून सत्तर सामन्यांचं मत उलटवणं चूक आहे. मात्र त्या सात सामन्यांनी जे दाखवलं ते आधीच्या ७९मध्येही दडलेलं होतं. फक्त नियमित हंगामात कुणी एवढी तयारी करून येत नाही.

निवाडा

माझ्या हिशेबात सबोनिसचा २०२२-२३चा हंगाम लीगमधल्या पहिल्या दहा-पंधरांतला. सेंटरमध्ये तिसरा, आणि पहिल्या दोघांपासून स्पष्ट अंतरावर तिसरा. मतदारांनी त्याला ऑल-एनबीएच्या तिसऱ्या संघात बसवलं, ते अगदी योग्य होतं. विन शेअर्समधला दुसरा क्रमांक ‘कुणी किती विजय पुरवले’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर आहे. ‘संघ पाडताना आधी कुणाला निवडाल’ या प्रश्नाचं ते उत्तर नाही, आणि त्याच्याकडून ते मागणं अन्याय आहे.

किंग्जनी २०२३च्या उन्हाळ्यात त्याच्याशी पाच वर्षांचा नवा करार केला. पुढचा हंगाम या निवाड्याची परीक्षाच होता. सबोनिस सगळे ८२ सामने खेळला, १९.४ गुण, १३.७ रिबाउंड, ८.२ असिस्ट, पुन्हा रिबाउंडमध्ये पहिला, शिवाय सलग ६१ सामन्यांत डबल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट अशा दोन रकान्यांत दहा किंवा अधिक). जवळजवळ प्रत्येक साधा आकडा वर गेला. किंग्जचे विजय ४८वरून ४६वर आले आणि प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या पात्रता सामन्यांत) न्यू ऑर्लिन्सकडून हरून ते प्लेऑफबाहेर राहिले. ऑल-स्टार निवडीत (हंगामाच्या मध्यावरच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) त्याचं नाव नव्हतं, यावर तेव्हा बरीच ओरड झाली, आणि ती काही अंशी बरोबरही होती. पण डबल-डबलची मालिका हा त्या ओरडीतला सर्वात कमकुवत मुद्दा होता. नऊ रिबाउंड आणि दहा रिबाउंड यांत एका रिबाउंडचाच फरक असतो. ज्याने किंग्ज थांबले ते बास्केटखाली होतं आणि पंधरा फुटांवर होतं, आणि तो रकाना ६१च्या मालिकेत नाही.

आमच्या स्कोअरशीटमध्ये या प्रकरणानंतर सेंटरसाठी दोन रकाने वाढवले. एक, तिच्या स्क्रीनवरून (बचावपटूची वाट अंगाने अडवणं) किंवा हँडऑफवरून सहकाऱ्याला मोकळा शॉट किती वेळा मिळाला, मग तो आत जावो वा न जावो. दुसरा, समोरची खेळाडू बास्केटपाशी आली तेव्हा आमची सेंटर हाताच्या अंतरावर होती का, आणि पुढे काय झालं: शॉट झाला, चुकला, की बॉल परत बाहेर गेला. लिहायला दोन माणसं लागतात, कारण एकाच वेळी बॉलकडे आणि सेंटरकडे बघता येत नाही. म्हणून बाकावर बसलेल्या मुली आळीपाळीने लिहितात. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचे गुण संघात चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असतात. पहिल्या रकान्यात ती सगळ्यांच्या पुढे निघाली. दुसऱ्यात तिला काम आहे, आणि सध्या सरावात ती तेच करते: उडी न मारता, हात सरळ वर ठेवून, समोरच्या खेळाडूच्या वाटेत वेळेवर पोचायचं.